थोरल्यानं कानात सांगायचं

अमरसिंहला भाषण कर म्हणून सांगावं लागत नाही, आवर म्हणून सांगावं लागतं. कोल्हापुरात एका कॉलेजात तो राज्यशास्त्र शिकवतो आणि गेल्या वर्षभरात इच्छामरण हा त्याचा लाडका विषय झाला होता. कायद्याने ते सरळ मान्य करावं असं त्याचं मत. आज फार तर यंत्रं काढून घेता येतात, तीही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी माना डोलावल्यावर, आणि तोवर माणसाचे हाल कुत्रं खात नाही, असं तो पोटतिडकीने सांगायचा. एका परिसंवादात एक वयस्कर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असा कायदा झाला तर घरच्यांना घाई होईल हो." अमरसिंहने माईक ओढला. "मॅडम, ज्यांना घाई असते ते कायद्याची वाट बघत नाहीत." हशा पिकला. हशा पिकला की आपलं खरं ठरलं, असं वाटणाऱ्यांपैकी तो होता.

त्याच महिन्यात त्याची आई आजारी पडली. शिरोळजवळच्या गावात ती धाकट्या मुलाकडे, उदयसिंहकडे राहायची. गाव तिला आक्का म्हणायचं, म्हणून मुलंही आक्काच म्हणायची. पक्षाघाताने तिचा उजवा हात आधीच लुळा पडला होता. आता छातीत कफ भरला, ताप चढला आणि ती डोळे उघडेना. कोल्हापूरच्या दवाखान्यात बरेच दिवस ठेवून झालं. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की आता घरी न्या, सेवा करा. नाकातल्या नळीसकट आक्का घरी आली.

उदयसिंह आणि त्याची बायको संयोगिता नळीतून पातळ पेज घालायची, तिची कूस बदलायची, कपडे बदलायची. अमरसिंह रविवारी यायचा, उशाशी खुर्ची घेऊन बसायचा आणि अस्वस्थ व्हायचा. त्याला खरंच बघवत नव्हतं, एवढं त्याच्या बाजूने म्हटलं पाहिजे.

एका रविवारी तो म्हणाला, "उदय, ही नळी काढूया. हे कुणासाठी चाललंय?"

"तुझ्यासाठी तर न्हाय," उदयसिंह म्हणाला. "तू कुठं काय करायलास?"

"तिचे हाल होतायत, दिसत नाही तुला?"

"दिसत्यात की. रोज दिसत्यात. पर आईला उपाशी ठेवायचं माझ्यानं हुणार न्हाय. तुझं भाषण तिकडं कॉलेजात."

दोघांचे आवाज चढले. शेजारून चुलती, शालूकाकू, आली आणि तिने दोघांनाही गप्प केलं. नृसिंहवाडीचं तीर्थ देऊन झालं होतं, आजऱ्याला दिलेली तिची लेक येऊन हात धरून रडून गेली होती, तरी आक्का तशीच. काकूच्या मते कारण उघड होतं.

"जीव गुतलाय तिचा," ती म्हणाली. "थोरल्या ल्योकाचा निरोप मिळंना तिला. थोरल्यानं कानात सांगायचं असतंय, जा म्हणून, आमची काळजी करू नगं म्हणून. धाकट्यानं सांगून चालत न्हाय. मग मानूस सुटतंय."

एरवी असल्या बोलण्यावर अमरसिंहने तासभर तरी भाषण ठोकलं असतं. त्या दिवशी तो लगेच तयार झाला. यात डॉक्टर नव्हता, कायदा नव्हता, नळीला कुणाचा हात लागणार नव्हता. झालं तर सुटका, नाही तर नुसते चार शब्द. उदयसिंह गोठ्याकडे निघून गेला.

अमरसिंह वाकला. आक्काच्या कानाजवळ केस चिकटले होते, ते त्याने बाजूला केले. बाहेरच्या जगात प्रमाण मराठी बोलणारा तो आईशी मात्र गावचंच बोलायचा.

"आक्का, तू जा आता. काळजी करू नगं."

काकूने मान हलवली, एवढंच पुरे होतं. पण थोडक्यात आटपणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो पुढे बोलला, "उदयचं बरं चाललंय, माझं बरं चाललंय. तुझ्यावाचून कुणाचं कायबी अडत न्हाय."

मग तो बाहेर येऊन चहा प्यायला. त्याला फार हलकं वाटलं. चहा नेहमीपेक्षा गोड लागला, त्याने अर्धा कप आणखी मागून घेतला. नंतर त्याला सगळ्यात जास्त शरम वाटायची ती त्या अर्ध्या कपाची.

कारण आक्का गेली नाही. गावातल्या डॉक्टरने औषध बदललं होतं, त्याने म्हणा की वाडीच्या तीर्थाने म्हणा, तिचा ताप उतरला. तिने डोळे उघडले. हळूहळू नळी निघाली, ती भिंतीला टेकून बसू लागली. उदयसिंहने गल्लीत पेढे वाटले. शालूकाकू अमरसिंहला भेटेल तेव्हा म्हणायची, "तू नीट सांगितलं न्हाईस," आणि हसायची. तो विषय बदलायचा.

आक्काने ऐकलं होतं का, हा एकच प्रश्न त्याला खात होता. तो फळं घेऊन जायचा, गरम शाल घेऊन जायचा, आणि तिच्या नजरेला नजर न देता परत यायचा. ती कधी काही बोलली नाही. शिरोळची एसटी गावाजवळ येईल तसा तो मनात वाक्य जुळवायचा आणि घरात पाऊल टाकलं की गिळून टाकायचा. कुणी परिसंवादाला बोलावलं तर घसा बसलाय म्हणून सांगायचा.

मग एके दिवशी उदयसिंहचा फोन आला. "दादा, आक्का खाईना झालीया. डॉक्टर म्हनतोय आजार न्हाय कसला. नळी घालायची म्हटलं तर हात धरती. तू ये. माझं ऐकत न्हाय ती."

दुपारी तो पोचला. आक्का सोप्यात बाजेवर पडली होती. संयोगिताने पेजेची वाटी आणि चमचा त्याच्या हातात दिला आणि ती आत गेली. अमरसिंह बाजेच्या कडेवर टेकला.

"आक्का, दोन घास खा."

"नगं."

"का खाईना झालीस? कोण काय बोललं का?"

"कोण बोलतंय? संयोगिता गुणाची पोरगी हाय." ती थांबली, तिला दम लागत होता. "तू म्हनलास की जा म्हणून. तवा ऐकलं मी. लई जोर लावला, पर जमलं न्हाय रं त्या टायमाला. आता खायाचं सोडलं की जमंल."

तिच्या आवाजात राग नव्हता. राहून गेलेलं काम सांगावं तसं ती सांगत होती, आणि काम राहिल्याबद्दल तिलाच ओशाळं वाटत होतं. 

"आक्का, ते मी… काकू म्हणाली म्हणून म्हटलो मी. ते खरं न्हवतं."

"खरंच हाय की. कुणाचं कायबी अडत न्हाय म्हनलास. बरं वाटलं मला, पोरांचं नीट चाललंय म्हणून."

"अडतंय, आक्का."

"काय अडतंय?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरोखर ऐकायचं होतं.

अमरसिंहने तोंड उघडलं. तो शोधू लागला. तिच्या हातचं जेवून बरीच वर्षं झाली होती. सल्ला त्याने कधी विचारला नव्हता. घर बांधलं तेव्हा तिला वास्तुशांतीलाच कळलं. फोन उदयसिंहला करायचा आणि शेवटी आक्काला विचारलं म्हणून सांग, म्हणायचा. त्या दिवशी कानात तो खोटं बोललाच नव्हता. हे त्याला आत्ता, तिच्यासमोर, वाटी हातात धरून कळत होतं आणि त्याला स्वतःची किळस आली.

"काय न्हाय, आक्का," शेवटी तो म्हणाला. त्याला रडू फुटलं. "काय अडत न्हाय. पर तू ऱ्हा."

 आक्काने डावा हात उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "रडू नगं. आण."

तिने तोंड उघडलं. त्याने चमचा पुढे केला, तिने कष्टाने गिळलं आणि पुन्हा तोंड उघडलं. थोरल्याने जा म्हटलं तेव्हा ती निघाली होती, आता तो राहा म्हणाला म्हणून ती राहत होती. तिला स्वतःला काय हवंय, हे त्याने दोन्ही वेळा विचारलं नव्हतं. तो चमच्यामागून चमचा भरवत राहिला. विचारायची हिंमत त्याला आत्ताही होत नव्हती.