नाटे बंदराचे वेबपान

मी एक जुने वेबपान आहे. मित्रांनो, कोकणातल्या नाटे गावच्या मच्छीमारांना वारा, भरती-ओहोटी आणि धोक्याचा इशारा सांगणे हे माझे काम.

वीस वर्षांपूर्वी रझियाने मला लिहिले. ती रत्नागिरीत संगणक शिकवायची. तेव्हा पानाची मांडणी करायला आम्हाला टेबलांचाच, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यांचाच, आधार होता. एका टेबलात दुसरे, त्यात तिसरे! जागा धरून ठेवायला डोळ्यांना न दिसणारे चिमुकले चित्र घालावे लागे. हवामान खात्याचा अंदाज रझिया रोज सकाळी माझ्यात उतरवी आणि मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात माणसे माझ्याभोवती गर्दी करत.

मग माझ्यापर्यंत सीएसएस ही सजावटीची भाषा पोहोचली. मजकूर एकीकडे, रंगरूप दुसरीकडे. एक ओळ बदलली की माझे सगळे मथळे निळे होत. काय तोरा होता माझा!

पुढे सर्वांच्या हाती फोन आले. रझिया अंदाज भरत राहिली, पण माझ्या मांडणीला कुणी हात लावला नाही. फोनवर माझी अक्षरे मुंगीएवढी दिसत. ती मोठी करावीत, तर उजवीकडचे रकाने पडद्याबाहेर जात. इशारा होता नेमका शेवटच्या रकान्यात.

एका सकाळी रझियाचा भाऊ, युसुफ तांडेल, मला फोनवर पाहून समुद्रात गेला. दुपारी वादळी वाऱ्याने होडी गाठली. जाळे गेले, खांदा निखळला, पण खलाशी वाचले.

"मी पान बघितलं होतं गो," तो रझियाला म्हणाला. "इशारा दिसलाच नाय."

रझियाचा चेहरा उतरला. "तुझी चूक नाही, भाईजान. पान माझं आहे."

मित्रांनो, त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

रझियाची मुलगी आफरीन नव्या पद्धतीची पाने बनवायला शिकली होती. ती म्हणाली, "अम्मी, हे टाकून नवीनच लिहू?"

"आधी आतून बघ तर खरी."

आफरीनने माझा कोड उघडला आणि बघतच राहिली. "अगं, प्रत्येक आकडा किती नीट लिहिलायस! हे टाकायचं नाही. फक्त घडी बदलायची."

मग तिने माझी टेबलांची गुंतागुंत सोडवली. इशारा सर्वांत वर आणला. ग्रिड नावाच्या नव्या रचनेने माझे रकाने फोनवर एकाखाली एक बसले, संगणकावर शेजारी शेजारी. पडदा केवढा आहे हे आता मीच ओळखते आणि तशी घडी घालते! उन्हातही वाचता यावे म्हणून तिने पांढऱ्यावर गडद अक्षरे दिली. जड चित्रे काढून टाकली. या पोरीच्या हाताला काय म्हणावे!

पुढच्या मोसमात युसुफ किनाऱ्यापासून बराच दूर होता. अंदाज एकाएकी बदलला. रझियाने तो लगेच भरला. फोनला जेमतेम एक काडी रेंज होती, पण मी हलके, क्षणात उघडले. पडदाभर लाल पट्टी: 'वादळ येत आहे. ताबडतोब परता.'

युसुफने वायरलेसवर हाक दिली, "आफरीनचं पान सांगतंय, फिरा माघारी!"

सात होड्या वळल्या. शेवटची धक्क्याला लागली आणि वाऱ्याने झाडे वाकवली.

आफरीन धक्क्यावर उभी होती. युसुफने डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटले. "तुझं पान लय गुणाचं."

"माझं नाही, मामू. अम्मीचं."

मित्रांनो, नवी तंत्रे जरूर शिका, त्यांच्यात जादू आहे. पण पान बनवलेत की ते आपल्या मोठ्या पडद्यावर पाहून खूश होऊ नका. ओल्या हाताने, भर उन्हात, हलत्या होडीत ते कुणी वाचत असेल. त्याच्यासाठी ते पुन्हा पुन्हा उघडून पाहा. आम्हाला वाऱ्यावर सोडू नका. आमच्या भरवशावर माणसे समुद्रात जातात.