पायांनी ऐकणारी माणसं

रीव्हा कुचेरानं स्वतः लिहिलेलं गाणं सुरू केलं की क्राल या नाचाच्या हॉलमधली माणसं नाच सोडून बिअर आणायला जातात, हे मार्चमध्ये सगळ्यांनी पाहिलं होतं. तिची धाकटी बहीण मार्लिस तेव्हा पोटुशी होती. लाजेनं तिनं मान खाली घातली ती गाणं संपेपर्यंत वर केलीच नाही.

"लोक इथं नाचायला येतात, पोरी," हॉल सांभाळणारे ऑल्बिन क्राल त्या दिवशी म्हणाले होते. "लिहितेस छानच. पण गप्प बसून ऐकायचं तर आम्हाला चर्च आहे ना! आता सप्टेंबरात ये. तुझं एक गाणं चालेल. नाचायची मधली जागा ओस पडली, तर मात्र यापुढे जुनी, ओळखीचीच गाणी."

क्राल हॉलनं नाही म्हटलं की त्या बाजूचा दुसरा कुठलाच हॉल बोलवत नाही, हे काही कुणाला सांगायला नको होतं.

अकरा वर्षं रीव्हा गात होती. चार रेकॉर्ड तिनं आतेभावाच्या चाऱ्याच्या कोठारात, पाखरांचे आवाज बंद व्हायची वाट पाहत, पदरमोड करून काढल्या होत्या आणि व्हॅनच्या मागच्या दारातून विकल्या होत्या. नॅशव्हिलची एक रेकॉर्ड कंपनी मागे लागली होती. अट एकच, चेहरा हिचा, गाणी दुसऱ्यांची. रीव्हा कॉफी संपवून, आभार मानून उठून आली. ऑस्टिनमध्ये तिला लोक टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत ऐकत. तरी हिला हवा होता क्राल हॉल.

"कशाला गं ही हौस?" मार्लिसनं विचारलं होतं. "तिकडे टाळ्या वाजवतात ना तुला?"

"वाजवतात आणि घरी जातात. नाचलेलं गाणं आठवडाभर पायात राहतं. आई भांडी घासताना हॉलमध्ये नाचलेलीच गाणी म्हणायची, आठवतंय?"

त्या उन्हाळ्यात रीव्हानं दर रविवारी गिटार घरी ठेवली आणि हॉलमध्ये जाऊन नुसती नाचली. सत्तरीच्या म्हाताऱ्यांबरोबर, गुरांच्या डॉक्टरबरोबर, कुणाबरोबरही. संध्याकाळी मार्लिसकडे यायची. मार्लिसचा तान्हा एमेट तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा. पोट दुखून रोज सहाच्या ठोक्याला रडायचा. मार्लिस रडकुंडीला आलेली असायची. रीव्हा त्याला खांद्यावर टाकून स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत चालायची आणि नवं गाणं गुणगुणायची. गाणं त्यांच्या आईवरचं होतं. कोंबड्यांच्या कारखान्यातून येऊन, बूट पायरीवर काढून, अनवाणी गवतात उभी राहणारी आई.

चालता चालता रीव्हा थबकायची. "ही ओळ जाऊ दे."

"अगं, ती तुझी सगळ्यात चांगली ओळ आहे!"

"आहे. पण वळताना पाय अडतो तिच्यात."

अशा कितीतरी चांगल्या ओळी तिनं त्या ओसरीवर सोडल्या. मार्लिसच्या जिवाला लागायचं. इतकी शिकलेली, इतकं लिहिणारी बाई, आणि स्वतःच्या शब्दांवर अशी कात्री! पण एमेट मात्र शांत व्हायचा.

सप्टेंबरचा तो रविवार भट्टीसारखा तापलेला होता. लाकडी झडपा टेकू लावून उघडल्या होत्या, सॉसेजचा धूर आत येत होता. मार्लिस भिंतीलगतच्या बाकावर बसली होती. मांडीवर झोपलेल्या एमेटच्या कानावर तिचा तळहात, नजर एकदा त्याच्या श्वासाकडे, एकदा दाराकडे.

"काहीही झालं तरी तू उठायचं नाहीस," रीव्हानं बजावलं होतं. "बहीण नाचली म्हणून भरलेली जागा मला नको."

जुन्या गाण्यांवर तासभर जागा गच्च होती. मग रीव्हा म्हणाली, "हे माझं आहे," आणि झालं. जोड्या सुटल्या. माणसं रुमालानं मानेवरचा घाम पुसत टेबलांकडे निघाली. पहिलं कडवं संपलं तेव्हा मध्ये नुसती चकचकीत लाकडी फळ्यांची जमीन उरली होती.

 ठेका वाढव, मार्लिसनं मनात विनवलं, काहीतरी ओळखीचं मिसळ. रीव्हानं ठेका तसूभर हलवला नाही. घाईही नाही, केविलवाणं हसूही नाही. रिकाम्या फळ्यांसमोर ती अशी गात होती जणू तिथं कुणीतरी वळतंय आणि त्याला वळायला वेळ द्यायचा आहे.

ऑल्बिननी नाराजीनं मान हलवली. जागा रिकामी झाली की ते नेहमी करत तेच त्यांनी केलं. पाय सरकावेत म्हणून भोकाभोकांच्या डब्यातून मक्याचं पीठ जमिनीवर भुरभुरवायला निघाले. एक पाऊल, दोन पावलं, तिसऱ्याला हात हलला. कोपऱ्यावर वळले. पुन्हा एक, दोन, तिसऱ्याला पीठ.

आधी मार्लिसलाच दिसलं. मग खाण्याच्या टेबलामागे उभ्या त्यांच्या बायकोला, व्हायोलाला.

"ऑल्बिन!" ती ओरडली. "डब्याबरोबर काय नाचतोस? मी मेले की काय?"

हॉल खदखदून हसला. ऑल्बिन जागच्या जागी थिजले, कान लाल. व्हायोला एप्रनला हात पुसत आली, डबा काढून बाकावर आदळला, नवऱ्याचा हात खांद्यावर घेतला. "चल आता. आधी लाजायचं होतंस."

दोघं एक फेरी फिरली. दुसऱ्या फेरीला गुरांचा डॉक्टर आपल्या लेकीला घेऊन उठला. मग दोन जोड्या, मग पाच. पुढे मार्लिसनं मोजणं सोडलं. ती फक्त पाय बघत होती. एकही पाय अडत नव्हता. गवतात उभ्या आईवरची ओळ आली तेव्हा कुणी थांबून ऐकलं नाही, सगळे एकदम वळले. तिनं एमेटच्या कानावरचा तळहात हळूच काढला.

गाणं संपलं. टाळ्या थोड्याच. पण कुणी जोडीदाराचा हात सोडला नाही, कुणी टेबलाकडे वळलं नाही. सगळे मधेच उभे, घामाघूम, रीव्हाकडे बघत.

ऑल्बिन धापा टाकत स्टेजच्या कडेला आले. "नाव काय याचं?"

"अजून ठेवलं नाही, मिस्टर ऑल्बिन."

"मग ठेव की! ऑक्टोबरात लोक मागतील, तर काय म्हणून मागायचं त्यांनी? आणि आत्ता..." त्यांनी मागे वळून पाहिलं. व्हायोला हात पुढे करून उभीच होती. "आत्ता पुन्हा तेच वाजव."