परतीच्या चलनावर

"म्हणजे आधी कर्ज घेतलं न्हाई, म्हणून आता कर्ज मिळणार न्हाई?" सुमनताईंनी मास्क हनुवटीखाली ओढला.

बँकेतल्या काचेपलीकडच्या साहेबाने आधी मास्क वर घ्यायची खूण केली. "ताई, ही योजना जुन्या कर्जदारांसाठी आहे. जुन्या कर्जाच्या वीस टक्के रक्कम, तीही विनातारण. तुमच्या नावावर कर्जच नाही. शून्याचे वीस टक्के कुठून आणू मी?"

"आठ वर्षं धंदा करायलेय. कुणाचा रुपया थकवला न्हाई. त्याची ही शिक्षा का?"

"शिक्षा नाही ओ. नियम आहे."

सुमनताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्या थकलेल्या हप्त्यांच्या गोष्टी सगळ्या कुरुळी गावाला पाठ होत्या, असा एक शेडवाला आत्ताच मंजुरीचा कागद घेऊन हसत बाहेर पडला होता. आणि आपण मशीन घेतलं ते दागिने मोडून, तार घेतली ती रोखीने, आणि वर त्याचा अभिमान बाळगला. चांगलेच पांग फेडले म्हणायचे त्या अभिमानाने.

कुरुळीत पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काम चाले. चाकणच्या एका मोठ्या कंपनीसाठी दुचाकीच्या हेडलाइटची वायरिंग बनवायची. सहा लाकडी बोर्ड, त्यावर खुंट्या. खुंट्यांमधून तारा फिरवायच्या, टोकाला टर्मिनल दाबायचं, टेप गुंडाळायचा. बोर्ड कंपनीचे, हात सहा बायकांचे. लॉकडाउन लागलं तशा बायका मिळेल त्या वाहनाने गावी गेल्या. सुमनताईंनी एप्रिलचा पगारही त्यांच्या घरी पोचवला आणि शिल्लक तिथेच संपली. मे सरता सरता कंपनी सुरू झाली. मेल आला, सोमवारपासून रोज पाचशे सेट द्या, नाहीतर बोर्ड परत करा.

मनुष्यबळाची मदत म्हणून सरकारी पोर्टल होतं. सुमनताईंनी भाचीकडून फॉर्म भरून घेतला. पोर्टलने दोन माणसं पाठवली. एक सुतार, एक ड्रायव्हर. सुतारदादांनी लाल तारेच्या जागी निळी लावून बारा सेट वाया घालवले आणि दोघं दुपारी डबा खायला म्हणून गेले ते गेलेच.

मग त्यांनी जिंतूरला अलमासला फोन लावला. सहाही जणींत अलमासचा हात सगळ्यांत चालता. बघता बघता सेट व्हायचा तिचा, आणि तोंड सुरू ते वेगळंच.

"येते की ताई," अलमास म्हणाली. "वर्षालीलाबी घेऊन येते, ती इथं सेलूलाच हाय. पण पास मिळंना. पोलीस म्हणायलेत, कंपनीत कामाला हाव त्याचा कागद दाखवा."

"मी पत्र पाठवलंय ना?"

"दाखवलं. म्हणाले, पत्र कुणीबी लिहितंय. पीएफ नंबर हाय का, बँकेत पगार येतो का, कार्ड हाय का. म्या काय दाखवू?"

शेड सुरू केली तेव्हा हिशेब बघणारा सांगत होता, बायका सहाच असल्या तरी पीएफ काढा, पगार बँकेत टाका. बायकांनी एका सुरात नको म्हटलं होतं. बँकेत टाकला की नवऱ्याच्या हाती जातो. तुम्ही कापू नका, हातात द्या. सुमनताईंनी दर सात तारखेला पाकिटं भरली आणि माझ्या बायका म्हणतील तसं, असं चारचौघांत मिरवलं. आता सरकार लहान कारखान्यांचा पीएफ भरणार होतं, ते कागदावरच्या कामगारांसाठी. कागदावर त्यांच्या शेडमध्ये आठ वर्षं कुणीच नव्हतं.

"मीच म्हणले होते ताई, कापू नका म्हणून," अलमास हळूच म्हणाली.

"गप बस!" सुमनताई ओरडल्या. "मालकीण तू होतीस का मी? मला अक्कल पाहिजे होती." फोन ठेवल्यावर त्या शेडमध्ये येरझाऱ्या घालत राहिल्या. राग बँकेवर होता, पोलिसांवर होता, पण फिरून फिरून स्वतःवरच येऊन बसत होता, आणि तो कुणावर काढताही येत नव्हता.

सोमवारी कंपनीचा टेंपो आला. खरेदी विभागाचा सुजित उतरला. सुमनताईंनी तीन दिवस एकटीने हात मोडेपर्यंत केलेले एकशे चाळीस सेट टेबलावर होते.

"ताई, माझ्या हातात काय नाही ओ. वरून मेल आलाय." त्याची नजर वर होत नव्हती.

"उचला."

ते सेट आणि सहाही बोर्ड टेंपोत गेले. सुजितने परतीचं चलन लिहिलं. वस्तू, नग, शेरा. "इथं सही करा."

"शेऱ्यात नावं लिही."

"कुणाची?"

"ज्यांनी या बोर्डांवर आठ वर्षं काम केलं त्यांची. एवढे सेट काय भुतांनी केले?"

"ताई, चलनावर नावं नसतात. साहेब मला विचारतील."

"विचारू दे. नावं लिहिल्याबिगर सही न्हाई आन् टेंपो हलणार न्हाई." त्या खरंच जाऊन टेंपोसमोर उभ्या राहिल्या.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. सुजितने त्याला हाताने थांबवलं आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"अलमास शेख, जिंतूर," सुमनताई म्हणाल्या. "वर्षाली कदम, सेलू. झुलेखा पठाण. सावित्रीबाई गायकवाड. दिव्या मोरे. गयाबाई लोखंडे." प्रत्येक नाव त्याने लिहीपर्यंत त्या थांबत होत्या.

त्यांनी सही केली. सुजितने गुलाबी प्रत फाडून दिली. जुन्या कार्बनमुळे नावं तिच्यावर पुसट उमटली होती.

"पेन दे जरा," त्या म्हणाल्या. रिकाम्या टेबलावर कागद ठेवून त्यांनी सहाही नावं, एकेक अक्षर दाबून, पुन्हा गिरवली. सुजित पेनासाठी थांबून राहिला.