हाकाऱ्या

“मेला का रे तुझा हाकाऱ्या?” ड्रायव्हरने जेवणाचा डबा उघडता उघडता विचारलं.

“नाही. आणि मरणारही नाही. सुधारणार बघ तो.”

गाडीत मागे पिंजऱ्यात कुत्री भुंकत होती आणि पुढच्या सीटवर कुत्री पकडणारा माणूस मांडीवर विटेएवढं जाड पुस्तक घेऊन बसला होता. जन्मात वर्तमानपत्रापलीकडे काही न वाचलेला हा गृहस्थ ओळीखाली बोट धरून ड्रॅगनच्या गोष्टी वाचतोय, याची नगरपालिकेच्या गॅरेजात यथेच्छ थट्टा झाली होती. म्हातारचळ लागला म्हणायचे. त्याला त्याचं काही नव्हतं. पोरीने आपल्याशी बोलावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्याची पकडायची रीत वेगळी होती. बाकीचे जाळं घेऊन धावायचे, कुत्री पळायची, गल्लीत तमाशा व्हायचा. हा उकिडवा बसायचा, हात पुढे करायचा आणि म्हणायचा, “ये राणी, ये. कुणी काही करत नाही.” कुत्रं शेपूट हलवत यायचं, मग दुसऱ्या हातातला फास. कोंडवाड्यात कोणी सोडवायला आलं नाही तर मरणाचं इंजेक्शन. सोडवायला सहसा कोणी येत नसे.

एकदा शाळेच्या मागच्या गल्लीत एका लंगड्या कुत्रीला त्याने अशीच हाक मारून पकडलं. तिला आपल्या डब्यातलं रोज खाऊ घालणारी मुलगी भिंतीशी उभी होती. ती त्याचीच मुलगी निघाली. लहानपणी ती अंधाराला घाबरली की याच शब्दांनी तो तिला जवळ घ्यायचा. त्या दिवसापासून तिने बापाशी बोलणं टाकलं. मिनतवाऱ्या झाल्या, रागावून झालं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एकदा तिने शाळेतून आणलेलं काळ्या वेष्टनाचं पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं.

“चार भाग आहेत. यातला हाकाऱ्या म्हणजे तुम्ही. वाचा, मग बोला.”

पुस्तकात राजाचं फर्मान होतं, ड्रॅगन दिसला की मारायचा. बिचारे आग ओकायचंही विसरून गुहांमध्ये दडून बसले होते. हाकाऱ्या गुहेच्या तोंडाशी बसून त्यांच्या आईच्या आवाजात घुमायचा. ते बाहेर येऊन त्याच्या मांडीवर डोकं ठेवायचे. मागे सैनिक उभे असायचे.

दुसऱ्या भागात हाकाऱ्याने एक पिल्लू घरच्या धान्याच्या कणगीत लपवलं, तेव्हा याला इतका आनंद झाला की त्याने ड्रायव्हरला चहा पाजला. तिसऱ्यात सैनिक दाराशी आले आणि हाकाऱ्याने ते पिल्लू स्वतःच्या हातांनी काढून दिलं. त्याचंही हातावर पोट होतं. पुढे एक पूल कोसळला, बरेच सैनिक बुडाले, ‘आणि हाकाऱ्याही.’ बस्स. याला वाटलं, एखादं पान गळलं असेल. चौथा भाग त्याने अधाशासारखा वाचला. शिव्या घालायला का होईना, कोणीतरी हाकाऱ्याची आठवण काढेल. कोणी काढली नाही. उरलेली एकटी ड्रॅगन मादी समुद्रापार निघून गेली. मागून कोणीही हाक मारली तरी ती मान वळवत नव्हती.

“वाचलं,” तो पोरीला म्हणाला. “एक विचारू? पहिल्या भागात त्याला मुलगी आहे. तिचं पुढे काय झालं?”

“मी पण शोधली. नाहीये ती पुढे कुठे.” मग पोरगी रडू आवरत म्हणाली, “बाबा, सोडा ना ते काम.”

“सोडून खायचं काय, राणी,” तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

ती उठून आत गेली. दाराआडून म्हणाली, “मग निदान हाक तरी मारू नका.”

त्याने कबूल केलं. दुसऱ्या दिवसापासून तोही जाळं घेऊन धावू लागला. या वयात गुडघे कुठले साथ देतात? पिंजरा रिकामा परतू लागला. तो मुकादमाकडे दुसरं काम मागायला गेला.

“तुला ठेवलंय ते तुझ्या हातगुणासाठी,” मुकादम म्हणाला. “धावणारे छप्पन्न मिळतात. उद्या मी येतो गाडीवर. बघू, नाहीतर तुझा रस्ता तुला मोकळा.”

सकाळी गल्लीच्या टोकाला एक पिवळी कुत्री दिसली. त्याने जाळं टाकलं, चुकलं. पुन्हा टाकलं, पुन्हा चुकलं. धापा टाकत त्याने फुटपाथवर बसकण मारली. संपलं, आता घरी काय सांगायचं, एवढंच डोक्यात. सवयीने शब्द निघू नये म्हणून त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

कुत्री लांबून बघत राहिली. मग आपणहून चालत आली आणि तिने त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. दमलेल्या माणसाची तिलाच कीव आली असावी.

“टाक,” मुकादम गाडीतून म्हणाला.

त्याने फास टाकला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा पोरगी दारातच होती.

“आज हाक मारलीत?”

“नाही.”

ते खरं होतं. पोरीने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिला ते पटलं. कितीतरी दिवसांनी ती त्याच्या शेजारी जेवायला बसली, शाळेतलं काहीबाही सांगत हसली. जेवणं झाल्यावर, लहानपणी पडायची तशी, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडली.

आपले हात कुठे ठेवावेत, ते त्याला कळेना.