वाटीभर मूग

राजकोटच्या दाणापीठात, म्हणजे धान्यबाजारात, तुलसीदास रायचुरांचं साखर आणि कडधान्याचं घाऊक दुकान होतं. एका पोत्यापेक्षा कमीचा व्यवहार नाही. दलाल रोज कागदाच्या पुड्यांतून मूठ-मूठ वानगी आणायचे. तुलसीदास दाणा तळहातावर घ्यायचे, दाताखाली फोडायचे आणि भाव बोलायचे. उरलेल्या वानग्या टाकायच्या कशा? साखर एका डब्यात, मूग दुसऱ्यात, डाळी तिसऱ्यात, आणि शनिवारी डबे घरी. अख्ख्या पेठेची हीच रीत. घरासाठी पोतं फोडणाऱ्या शेठला लोक हसले असते.

त्यांच्या बायकोला, हसुमतीला, जाऊन अकरा महिने झाले होते. भादरव्यात, पितृपक्षात, तिचं पहिलं श्राद्ध आलं. आदल्या दिवशी सून रूपलने विचारलं, "बापूजी, दूधपाक-पुरी तर करतेच. पण कागवासाला, कावळ्याच्या पानावर, बांच्या आवडीचं काहीतरी हवं. काय करू?"

"तिला ना..." तुलसीदास आठवू लागले. "सगळंच आवडायचं तिला."

"सगळंच म्हणजे मी काय शिजवू?"

साखरेचा दाणा बघून ते कारखान्याचं नाव सांगत. छत्तीस वर्षं जिच्या हातचं जेवले, तिची आवड मात्र सांगता येईना. त्यांनी सुरतेला लेकीला फोन लावला. तिने आधी स्वतःशीच आठवून पाहिलं. मग म्हणाली, "पप्पा, बा जेवायला बसायची तोवर आम्ही उठलेलो असायचो."

शेवटी ते शेजारच्या कांताबेनकडे गेले. कांताबेन भेंडी चिरत होत्या.

"मूग," त्या लगेच म्हणाल्या. "साधे, हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेले."

"मूग तर घरी कायम असायचे."

"तुमच्या घरचे मूग! एक दाणा शिजून पीठ, दुसरा खडा. जुना, नवा, बारीक, मोठा, सगळं एकात. महिन्यातून एकदा माझ्याकडून वाटीभर न्यायची. म्हणायची, कांता, आज एका जातीचे खायचेत."

"तुमच्याकडून?"

"मग काय! आम्ही कोपऱ्यावरून किलो-किलो आणणारी माणसं, आणि आमच्या दारात दाणापीठाची शेठाणी वाटी घेऊन उभी. आम्ही दोघी हसायचो खूप."

"मला का नाही बोलली?"

"तुम्ही विचारलंत कधी, तुलसीभाई?"

"आम्ही सगळे तेच खायचो," ते म्हणाले. कांताबेननी पुढची भेंडी चिरायला घेतली.

तिथून ते दुकानात गेले. चांगल्यातल्या चांगल्या मुगांचं, शिवण न उसवलेलं पोतं त्यांनी स्वतः खाली ओढलं, सुतळी कापली आणि वाटीभर मूग पिशवीत घेतले. बटुक दलाल समोरच बसला होता.

"शेठ, वाटीसाठी पोतं फोडलंत? म्हातारचळ लागला की काय? हे आता कोण घेणार?"

"राहू दे पडून."

"एवढं मोठं गिऱ्हाईक कोण आलंय?"

"गिऱ्हाईक जुनंच आहे," तुलसीदास म्हणाले. "मीच उशीर केला."

घरी त्यांनी पिशवी रूपलच्या हातात दिली. तिने सवयीने मूग परातीत ओतले आणि बोटांनी वेचायला बसली.

"यात वेचायला काही नाही, बेटा. एकाच पोत्यातले आहेत."

"अरे हो!" ती हसली. "हाताला सवय लागलीय. बांनीच लावली. म्हणायच्या, आधी बापूजींच्या वाटीपुरते एकसारखे वेचून वेगळे शिजव, मग उरेल ते आपलं."

"अजूनही तसंच करतेस?"

"मग? नाहीतर तुम्हाला दाताखाली कचकच लागली असती की कधीतरी."

तुलसीदास ओट्याला टेकून उभे राहिले. त्यांना एकदाही कचकच लागली नव्हती.

"उद्या माझ्याआधी तू ताट वाढून घे," ते म्हणाले.

"श्राद्धाच्या दिवशी? असं कुठे असतं का, बापूजी!" म्हणत तिने मूग भिजत घातले.