हिरव्या पडद्याआड विचारलेले प्रश्न

मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे आणि खिडकीचाही नव्हे. म्हसळा तालुक्यात खाडीच्या काठावर एक लहानसे आरोग्य उपकेंद्र आहे. तिथल्या तपासणीच्या खोलीत मी उभा असतो. लोखंडी नळ्यांच्या तीन चौकटी, त्यांना खाली चाके आणि वर ताणलेले हिरवे कापड, एवढाच माझा देह. मित्रांनो, आज तुम्हाला माझी गोष्ट सांगतो. त्यातल्या माणसांची नावे मात्र मी बदलली आहेत. पडद्याने एवढे तरी पाळायलाच हवे.

माझा जन्म माणगावच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. मला जोडणारा कारागीर एरवी खिडक्यांच्या जाळ्या करायचा. "दवाखान्याचं काम हाय, कुनाला बोचाया नको," असे म्हणत त्याने माझी प्रत्येक कड हाताने घासून गुळगुळीत केली. त्याचे नाव मला ठाऊक नाही, पण माझ्यावर पहिले उपकार त्याचे.

उपकेंद्रात आलो तेव्हा माझा मोठा मान होता. गरोदर बायकांची तपासणी माझ्या आड होई. पुढे माझे कापड विटले, मधोमध फाटले आणि एक चाक निखळले. मग कुणीतरी मला घडी घालून मागच्या खोलीत ठेवून दिले. तिथे ब्लीचिंग पावडरची पोती होती आणि गुंडाळलेली जुनी पोस्टरे होती. चार वर्षे मी तिथे होतो. माझ्या सांदीत पालींनी अंडी घातली.

पुढच्या खोलीतले सगळे मला ऐकू येई. आडोसाच नसल्यामुळे ते बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जाई. वयात आलेली मुलेमुली दारापर्यंत येत, बाकावर कोण बसले आहे ते बघत आणि "डोकं दुखतंय, गोळी द्या," एवढेच बोलून परत जात. ती डोके दुखते म्हणून आलेली नाहीत, हे पोत्यांमागे पडलेल्या मलाही कळत असे.

मग कोकिळाताई नर्स म्हणून बदलून आल्या. त्या आतल्या भातशेतीच्या गावातल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी गावातल्या आशा कार्यकर्तीला, केसरला विचारले, "इथं आडोसा न्हाय?"

"मागं पडलाय एक पडदा. पन फाटका हाय."

"मग शिवू की."

माझे नवे कापड जैबुन्निसा यांनी शिवले. गावात शिवणकाम त्यांच्याकडेच असे. माप घेताना त्या म्हणाल्या, "दुहेरी शिवते. मागनं उजेड आला तर सावली दिसता नये. बाईमानसाला तीच धास्ती." शिलाईचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्यांचे ते टाके आजही माझ्या अंगावर आहेत.

हळूहळू माझ्या आड तरुण मुले येऊ लागली. हर्षद नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा तीनदा आला. दोनदा डोकेदुखीची गोळी घेऊन गेला. तिसऱ्यांदा मात्र त्याने आत येऊन खरे सांगितले. नाजूक जागी त्याला फोड आले होते आणि मोबाइलवर पाहून तो भलतीच औषधे घेत होता. सांगताना त्याचा हात माझी नळी घट्ट धरून होता. कोकिळाताई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी त्याला माणगावच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवले आणि सोबत कुणी हवे का, तेही विचारले. महिन्याभराने तो बरा होऊन आला आणि दारातूनच हात हलवून गेला.

त्यानंतर नवी लस आली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होऊ नये म्हणून चौदा वर्षांच्या मुलींना द्यायची ती लस. माहिती सांगायला कोकिळाताईंनी मुलींना उपकेंद्रातच बोलावले. "कॅन्सरची लस एवढंच सांगा, जास्त खोलात जाऊ नका," असा सल्ला त्यांना आधी मिळाला होता. त्याही तसेच, एका विषाणूमुळे हा कर्करोग होतो एवढेच बोलत होत्या. तेवढ्यात जैबुन्निसांची मुलगी जुनेरा हिने हात वर केला.

"पण हा विषाणू अंगात येतो कुठून?"

कोकिळाताईंनी क्षणभर माझ्याकडे, म्हणजे नुसतेच हिरव्या कापडाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मोठं झाल्यावर, शरीरसंबंधातून. म्हनून लस त्याच्या कितीतरी आधी घ्यायची. पूर येन्याआधीच बांध घालतात तसं."

संध्याकाळपर्यंत ते वाक्य घरोघरी पोचले. पोचता पोचता ते बदलले. मोबाइलवर कुणाचा तरी आवाज फिरू लागला की ही लस घेतली की मूल होत नाही, आणि चांगल्या घरच्या मुलींना तिची गरजच काय?

लसीकरणाच्या बुधवारी बर्फाच्या पेटीत लस आली. मला झटकून नीट उभे केले होते. दुपार झाली, चार वाजले, पण एकही मुलगी आली नाही. पेटी परत गेली. कोकिळाताई माझ्या आडच्या स्टुलावर येऊन बसल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

"केसर, मी ते बोलले नसते तर पोरी आल्या असत्या का गं?"

केसरने विचार करून सांगितले, "आल्या असत्या. पन पुढं कदी त्यांना खोटं कळलं असतं, तर तुला पुन्ना कोन काय इचारनार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जुनेराचे वडील आले. शब्बीरभाई सोळा वर्षे कुवेतला गाडी चालवत होते. आता ते दिघीच्या जेट्टीवर मासळीचा टेम्पो चालवतात. दारातूनच त्यांचा आवाज चढला.

"सिस्टर, माझ्या पोरीला तुमी काय सांगितलात? चौदा वर्सांची हाय ती. असल्या गोष्टी आमी घरात काढत नाय."

"आत या, शब्बीरभाई. बसा."

"बसाया नाय आलो."

"मग उभ्यानं बोला. पन आत येऊन बोला. बाहेर मानसं हायत."

ते माझ्या आड आले. कोकिळाताई शांतपणे म्हणाल्या, "तिनं इचारलं म्हनून सांगितलं. ही लस म्हंजे पोरीवर संशय न्हाय. उद्या तिचं लग्न व्हईल. तिची कायबी चूक नसताना तेव्हासुद्धा हा विषाणू येऊ शकतो."

"नवऱ्याकडनं?"

"व्हय. बहुतेक वेळा त्याचं त्यालाही ठाऊक नसतं."

शब्बीरभाई इतके जवळ उभे होते की त्यांच्या श्वासाने माझे कापड हलत होते. मग ते स्टुलावर बसले. त्यांचा आवाज एवढा खाली आला की मलाही कान देऊन ऐकावा लागला.

"सिस्टर, परमुलखात सगळी वर्सं नीट वागलो, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाय मला. जैबुनला दोन महिने त्रास हाय. पोटात दुखतं, मधीच रक्त जातं. कुनाला बोलत नाय ती. माझ्याकडनं तर तिला काय नाय ना गेलं?"

मित्रांनो, माझ्या आड मी पुष्कळ प्रश्न ऐकले. पण हा विचारायला लागलेले धैर्य मी विसरणार नाही.

कोकिळाताईंनी त्यांना एका शब्दानेही दुखावले नाही. "कुनाकडनं काय आलं ते आता कुनीच सांगू शकत न्हाय. आन कितीतरी मानसांच्या अंगात हा विषाणू येतो नि आपला आपन जातो. ते उगाळत बसू नका. भाभींना तपासनीला न्या. उद्याच न्या."

तपासणी झाली आणि अहवाल यायला बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी शब्बीरभाई आले, थेट माझ्या आड गेले आणि रडू लागले. कोकिळाताईंच्या तोंडचे पाणी पळाले.

"नाय, नाय, चांगलंच हाय," ते डोळे पुसत म्हणाले. "कॅन्सर नाय. साधी गाठ हाय, काढली की झालं. पन सिस्टर, ते बारा दिवस! जैबुनला मी सगळं सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाय. तिसऱ्या दिवशी म्हनाली, आदी पोरीला लस द्या. असले बारा दिवस तिच्या वाट्याला नकोत."

पुढच्या बुधवारी पुन्हा पेटी आली. शब्बीरभाई, जैबुन्निसा आणि जुनेरा तिघेही आले. बाकावर रावजीकाका रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला बसले होते. त्यांची नात पूनमही चौदा वर्षांचीच.

"शब्बीर, अरे त्या लशीनं पोरं व्हत न्हायत म्हनतात," रावजीकाकांनी सगळ्यांसमोर विचारले.

"काका, कुवेतला जाताना मला सुया टोचल्या, रक्त काढलं, छातीचा फोटो काढला. नोकरीपायी सगळं निमूट करून घेतलं. पोरं होतील का, असं तेव्हा मला कुनीच विचारलं नाय." मग जुनेराच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "झाली की ही!"

बाकावर हसू पसरले. रावजीकाकाही हसले.

कोकिळाताईंनी मला पुढे ओढले. जुनेराने बाही वर केली आणि मान वळवून हळूच विचारले, "मी त्या दिवशी विचारलं, म्हणून तुम्हाला बोलणी बसली ना?"

"बसली," कोकिळाताई म्हणाल्या. "तरी इचारत जा." बोलता बोलता सुई टोचून झालीसुद्धा.

अर्धा तास तिला बसवून ठेवले. दंड थोडा दुखला, बाकी काही नाही. दुपारी पूनम तिच्या आईबरोबर आली आणि तिच्यामागून आणखी काही मुली आल्या. सगळ्या आल्या नाहीत. काही घरांची दारे अजून बंदच आहेत, आणि कोकिळाताई अजून तिथे जातात, पाणी पितात, बोलून येतात.

माझ्या कापडाचा रंग आता पुन्हा उडू लागला आहे. तरी मी फार सुखी आहे. कडा घासणाऱ्या कारागिराचा, शिवणाऱ्या जैबुन्निसांचा आणि मला पोत्यांमागून बाहेर काढणाऱ्या कोकिळाताईंचा मी ऋणी आहे. माझ्यावर भरवसा ठेवून बोललेल्या प्रत्येकाचा तर त्याहून अधिक.

मित्रांनो, तुमच्या गावच्या दवाखान्यात असा एखादा पडदा असेल तर तो फाटू देऊ नका. नसेल तर मागून घ्या. तुमच्या शरीराबद्दल शंका आली तर ती मोबाइललाच विचारून थांबू नका, जाणत्या माणसाजवळ बोला. आणि कधी तुमचा एखादा मित्र, एखादी मैत्रीण खालच्या आवाजात तुम्हाला काही सांगू लागेल. तेव्हा उत्तर ठाऊक नसले तरी चालेल. तुम्ही फक्त हसू नका, आणि दवाखान्याच्या दारापर्यंत त्यांच्याबरोबर चालत या.