सुटला की दगड

"'खडक' कुणी खोडलं?" साहेबांनी कागद माझ्यासमोर धरला.

"मी."

"का?"

"स्टोन म्हणजे खडक नाही, साहेब. खडक वेगळा, दगड वेगळा."

"जुन्या कोशात आहे."

"जुन्या कोशात चूक आहे."

शब्दकोशाच्या कार्यालयात असं बोलणं म्हणजे नव्या सुनेने पहिल्याच दिवशी सासूच्या आमटीला नावं ठेवण्यासारखं. साहेबांनी चष्मा काढला. ते आमचे प्रमुख संपादक. माणूस वाईट नाही, पण त्यांना राग आला की ते फार हळू बोलतात. मागच्या टेबलावर 'स्टॉप'ची नोंद लिहीत बसलेले सहकारी लिहायचे थांबले.

चोवीस वर्षं मी या कार्यालयात कार्डं लावली. इंग्रजी शब्द, त्याचा आपल्या भाषेतला अर्थ आणि तो अर्थ कुठे छापलेला सापडला त्याचा पुरावा, असं एक कार्ड. कार्डं लावणाऱ्याने नोंद लिहायची नसते. पण एस अक्षर बघणारे गृहस्थ दुसरीकडे नोकरीला गेले, काम अंगावर आलं आणि एकदाची एक नोंद माझ्या वाट्याला आली. स्टोन. मी निवृत्त होईपर्यंत दुसरी मिळण्याची शक्यता नव्हती, आणि मला ही बिनचूक हवी होती.

वरवर साधा शब्द, पण खणायला बसलं की संपत नाही. अंगठीतला खडा स्टोन आणि मूत्रपिंडातला खडाही स्टोनच. आंब्याची कोय स्टोन. आभाळातून पडणाऱ्या गारेच्या नावात स्टोन. माणसाचं वजन सांगायचं तर चौदा पौंडांचा एक स्टोन. थडग्यावर उभा असतो तोही, आणि जमावाने एखाद्याला दगडांनी ठेचलं तर त्या क्रियेलाही हाच शब्द. 'स्टोन्स थ्रो'समोरचं 'दगड फेकण्याच्या अंतरावर' काढून मी 'हाकेच्या अंतरावर' लिहिलं. 'स्टोन डेफ'ला मात्र काही शोधावं लागलं नाही. ठार बहिरा माणूस माझ्या घरीच आहे.

अप्पा, माझे वडील. त्यांनी अडतीस वर्षं खाणीत दगड काढला. सुरुंगांनी आधी एक कान नेला, मग दुसरा. लिहिता-वाचता कधी येतच नव्हतं. माझे ओठ बघून त्यांना माझं बोलणं कळतं, दुसऱ्या कुणाचं नाही. ती नोंद हातात आली त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं होतं, दगड आणि खडक यांत फरक काय?

"जमिनीला धरून आहे तोवर खडक. सुटला की दगड," अप्पा म्हणाले. बहिऱ्यांच्या सवयीने मोठ्यांदा म्हणाले, शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकावून पाहिलं. "आणि एकदा सुटला की मग घराएवढा असला तरी दगडच. त्याला परत कुणी खडक म्हणत नाही."

चोवीस वर्षांत इतकी स्वच्छ व्याख्या माझ्या हाताखालून गेली नव्हती. मी ती तशीच नोंदीत घातली.

"पुरावा?" तोच कागद हातात धरून साहेबांनी विचारलं.

"माझे वडील. खाणीत होते."

"छापील पुरावा, बाई. उद्या कुणीही उठेल आणि वडिलांना विचारून अर्थ लिहील." त्यांनी पेन्सिलीने 'खडक' पुन्हा लिहिलं आणि अप्पांच्या वाक्यावर काट मारली. "बाकी नोंद छान आहे हं."

त्या 'छान'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकीचं छान होतं कारण बाकीचं दुसऱ्या कुणीतरी कुठेतरी छापलं होतं. पुढचा आठवडा मी ग्रंथालयातली भूगर्भाची, बांधकामाची, भूगोलाची सगळी पुस्तकं चाळली. सगळ्यांनी एकमेकांचं बघून लिहिलेलं. खडक म्हणजे मोठा दगड, दगड म्हणजे लहान खडक. ज्याने आयुष्यात घण उचलला नाही त्याने पुस्तक लिहायचं, आणि ज्याने उचलला त्याला पुरावा आण म्हणायचं!

मग वर्तमानपत्रात एक फोटो आला. रस्त्याच्या मधोमध ट्रकएवढा धोंडा. अप्पांनी बोट ठेवून विचारलं, "खाली काय लिहिलंय?"

"रस्त्यावर खडक कोसळला."

"खडक कसा कोसळेल? डोंगरात होता तेव्हा खडक होता. रस्त्यावर आला तो दगड. लिही त्यांना!"

मी लिहिलं. वाचकांच्या पत्रांसाठी, अप्पांचा शब्दन् शब्द, खाली त्यांचं नाव आणि 'निवृत्त खाणकामगार'. लिहिताना मला पुरतं ठाऊक होतं की मी काय करते आहे. पत्र गुरुवारी चौथ्या पानावर छापून आलं. मी कात्रण कापलं, कार्डावर डकवलं, तारीख घातली, पान घातलं.

साहेब कार्ड वाचून खुर्चीत सरळ बसले. "वा! 'सुटला की दगड.' काय माणूस आहे! बघा बाई, याला म्हणतात पुरावा. घ्या ही व्याख्या, आणि खडक काढून टाका."

पिकतं तिथं विकत नाही, म्हणतात ते खोटं नाही. तेच वाक्य, त्याच माणसाचं. माझं लग्नानंतरचं आडनाव वेगळं, आणि रोज शेकडो ओळींवर काट मारणाऱ्या साहेबांना ते वाक्य आठवतही नव्हतं, त्यामुळे त्यांना कळायचा प्रश्न नव्हता. मला इतका आनंद झाला की लाज वाटायलासुद्धा वेळ लागला.

"मागे सही राहिली तुमची," ते कार्ड उलटं करत म्हणाले.

प्रत्येक कार्डाच्या पाठीवर एक ओळ छापलेली असते: हा मजकूर मी किंवा माझ्या घरच्या कुणी लिहिलेला नाही. खाली सहीला जागा. चोवीस वर्षांत मी त्या जागी हजारो सह्या केल्या होत्या. एकदा एका सहकाऱ्याने स्वतःच्या मेव्हण्याच्या लेखांतून काढलेली चाळीस कार्डं मीच बाद केली होती. तो रडकुंडीला आला होता. मी त्याला म्हटलं होतं, नियम म्हणजे नियम.

पेन हातात होतं. साहेब दुसरा कागद बघत होते. दोन सेकंदांचं काम.

"साहेब, मी सही करू शकत नाही."

"का?"

"ते माझे वडील आहेत. पत्र मी लिहिलंय."

त्यांनी कार्ड माझ्यापुढून ओढून सुलटं केलं. मग अगदी हळू म्हणाले, "सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं."

"हो."

"मग सांगितलंत कशाला?"

मी पेनाला टोपण लावलं. त्यांनी कार्ड बादच्या खोक्यात टाकलं. जोरात नाही, अगदी जपून. नियम बरोबर होता, मी बरोबर वागले होते आणि कोश चुकीचा छापला जाणार होता. कुणावर चिडायचं तेही कळेना. 'स्टॉप'वाले सहकारी माझ्यासाठी चहा घेऊन आले. तो मी तसाच गार होऊ दिला.

आठ महिन्यांनी कोश आला. मी माझी प्रत घरी नेली. अप्पा पलंगावर बसले होते. त्यांनी हात धोतराला पुसले आणि पुस्तक मांडीवर घेतलं.

"कुठं आहे आपलं?"

मी पान उघडून नोंदीवर बोट ठेवलं. मग मान हलवली. "नाही घेतलं."

"मग काय लिहिलंय?"

"खडक, दगड. दोन्ही एकच."

अप्पा पानाकडे बघत राहिले. त्यांना रागही आला नाही, हेच मला जास्त लागलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि एका हातावर उभं धरलं. खाणीतून दगड बाहेर जाण्याआधी अप्पा तो ठोकून बघायचे. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत तडा आहे असं समजायचं. त्यांनी बोट दुमडून पुठ्ठ्यावर दोनदा ठोकलं, कान जवळ नेला, पुन्हा ठोकलं. मग पुस्तक माझ्यापुढे धरून एकदा ठोकलं आणि माझ्या ओठांकडे बघत विचारलं, "कसं वाजतंय गं?"

"बद्द," मी म्हटलं.